देवाचं कुत्रं

रायभान आपल्या सुनेला घेऊन अंगणात आला तेव्हा ओसरीवर नवराबायकोचं भांडण रंगात आलं होतं. जीवन म्हणत होता, कुत्रं मोकाट आहे. राजेश्री म्हणत होती, कुत्रं घरचं आहे. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं ते कवड्या नावाचं कुत्रं पायरीखालच्या सावलीत चारी पाय पसरून झोपलं होतं.

बोरीच्या त्या घरानं वाटणीवरून, विहिरीच्या पाळीवरून, लग्नातल्या मानपानावरून झालेली भांडणं पाहिली होती. पण कुत्रं कुणाचं, या प्रश्नावर जीवन आणि राजेश्री असे समोरासमोर येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. कारण मात्र सरळ होतं. राजेश्री गावची सरपंच होती. रायभानची सून बबिता हिला कवड्या चावला होता, तिच्या उजव्या हाताची तीन बोटं वळेनाशी झाली होती, आणि तिनं जिंतूरच्या विधी सेवा समितीकडं नुकसानभरपाईचा अर्ज केला होता. उद्या तडजोडीची तारीख होती. कुत्रं मोकाट ठरलं तर भरपाई ग्रामपंचायतीवर येणार, पाळीव ठरलं तर या घरावर. बबिताला अर्ज करायला घेऊन गेली होती ती याच दोघांची लेक अर्पिता, परभणीला वकिलीच्या शिक्षणाला ठेवलेली.

"शिकवा म्हणं पोरीला," जीवन म्हणाला. "शिकवली. आता बापालाच नोटीस धाडायली."

"नोटीस ग्रामपंचायतीला हाय, पप्पा. तुमाला न्हाई."

"म्हणजे मला," राजेश्री म्हणाली. "लय उपकार झाले तुझे."

"गप बसा आता," आरामखुर्चीतून जीवनचे वडील व्यंकटराव खेकसले. "मानसं दारात आल्यात."

राजेश्रीनं पदर सारखा केला, जीवननं पायरीजवळची चप्पल बाजूला सारली आणि दोघंही असे बसले की जणू पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. घरची लाज बाहेर दिसू द्यायची नाही, या एका बाबतीत या घरात कधी दुमत झालं नाही.

आत चुलीपुढं जीवनच्या आईनं, कमलबाईंनी, आधणात साखर टाकली. गॅस होता, पण चार माणसांचा चहा त्यांना चुलीवरच जमायचा. बाहेरचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. मोकाट की पाळीव, यावर सगळे बोलत होते. जे बोलायला हवं होतं ते कुणी बोलत नव्हतं, कारण ते त्या आणि बबिता सोडून कुणाला ठाऊकच नव्हतं.

जीवन डेंगीनं परभणीच्या दवाखान्यात पडला होता तेव्हा कमलबाईंनी खंडोबाला नवस बोलला होता. पोरगा उठला. चंपाषष्ठीला कुत्र्याला भरीत-रोडगा सगळं गावच घालतं, पण कमलबाईंनी त्यावर भागवलं नाही. उकिरड्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं, कपाळाला भंडारा लावला आणि गळ्यात कवड्यांचा पट्टा बांधला. तेव्हापासून ते देवाचं झालं. त्याला कुणी दगड मारेना, कुणी हाड म्हणेना. हॉटेलवाला पहिल्या घाण्याची भजी टाकायचा. एवढे लाड माणसाचे झाले तरी माणूस बिघडतं, ते तर जनावर होतं. खाताना कुणी जवळून गेलं की ते गुरगुरायचं. गावकरी हसून वळसा घालून जायचे.

कापूस वेचणीच्या शेवटच्या दिवसांत बबिता डोक्यावर गाठोडं घेऊन अंगणात आली. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला पायाजवळचं दिसत नाही. कवड्यानं तिचा मोकळा हात धरला तो सोडलाच नाही.

तेव्हा घरात कमलबाई एकट्याच होत्या. बबिता रडत म्हणाली होती, "काकू, दवाखान्यात जाते मी." कमलबाईंनी तिला खाली बसवलं, देवघरातला भंडारा आणला, जखमेत गच्च भरला आणि वरून फडकं आवळलं. "देवाच्या कुत्र्याचं इष चढत न्हाई. सुई टोचून घेशील तर देव कोपंल," असं सांगितलं. त्यांनी ते मनापासून सांगितलं होतं, हेच तर त्यांना आता सर्वांत जास्त छळत होतं. खोटं बोलल्या असत्या तर निदान देवापुढं कबूल करून मोकळं होता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. सुट्टीला आलेल्या अर्पितानं तापानं फणफणलेल्या बबिताला स्कुटीवर बसवून दवाखान्यात नेलं. सुया झाल्या, पू काढला, जीव वाचला. पण आतल्या शिरा नासल्या होत्या. इतका उशीर का केला, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बबिता म्हणाली, "येळ न्हाई भेटला."

कमलबाईंनी चहा उतू जाऊ दिला, मग गडबडीनं भांडं खाली घेतलं.

*

रायभान खुर्चीवर बसला नाही. खुर्ची जीवननं पुढं केली होती, तरी तो पायरीवर टेकला. बबिता त्याच्या मागं, भिंतीच्या कडेला बसली, पदर डोक्यावर आणि उजवा हात पदराच्या आत. कवड्यानं एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं. ती आणखी भिंतीला सरकली. अर्पितानं उठून कुत्र्याला गोठ्यात नेऊन बांधलं.

"रायभान," व्यंकटरावांनी सुरुवात केली, "आपलं आजचं हाय का?"

"न्हाई मालक. मपल्या आज्यापासून हाय."

"तुज्या आज्याची मेंढरं माज्या आज्याच्या वावरात बसत व्हती. खत आमी घेतलं, दानं तुमी घेतलं. कधी तकरार झाली?"

"कधीच न्हाई."

"मग ह्ये जिंतूर काहून आलं मधी?"

रायभाननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी न्हाई आनलं, मालक. मी तवा मेंढरांमागं सेलूच्या अंगाला व्हतो. ताई घेऊन गेल्त्या."

"मीच नेलं आबा," अर्पिता म्हणाली. "बायकांना तिथं वकील फुकट भेटतो. उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागत न्हाईत. सुकेशनी मॅडम म्हणून वकील दिल्यात त्यांनी. चांगल्या हायत."

"तुला इचारलं न्हाई मी."

"ज्यांना इचारलं त्ये बोलत न्हाईत ना."

व्यंकटरावांनी नातीकडं नुसतं पाहिलं. गावातल्या निम्म्या भांडणांचा फैसला याच ओसरीवर झाला होता. सख्खे भाऊ इथून गळ्यात गळे घालून गेले होते, निदान वेशीपर्यंत तरी. त्या माणसाला आपल्याच ओसरीवरचं भांडण जिंतूरला जावं याचा खरा राग होता. कुत्रं, बोटं, भरपाई हे त्याच्या मागून येत होतं.

"आयक," ते रायभानला म्हणाले. "पोरीचं आपरेशन करायचं ना? नांदेडला करू. त्येची जिम्मेदारी माजी. तुजी मेंढरं आखा उन्हाळा माज्या वावरात बसू दे, हिरीवर पानी पाज, कुनी आडवनार न्हाई. उद्या जिंतूरला जायचं आन् म्हनायचं, आमचं घरात मिटलं. अर्ज माघारी."

रायभानच्या मनात पाणी हा शब्द अडकला. फाल्गुन संपत आला होता. नाला आटला होता, पुढचे दोन महिने कळप घेऊन कुठं जायचं हे त्याला अजून ठरवता आलेलं नव्हतं. पोरगा महारुद्र आत्ता याच क्षणी मेंढरं घेऊन दुसऱ्याच्या शिवारात दोन शेतकऱ्यांच्या शिव्या खात असेल. सुनेच्या हाताचं त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. सकाळी ती डाव्या हातानं पीठ मळताना दिसायची, भाकरी तर सासूच थापायची, आणि तो मान फिरवून बाहेर पडायचा. पण हात एकटीचा होता आणि पाणी सगळ्यांचं होतं. म्हातारपणी माणूस असाच हिशोब करायला लागतं.

"मालक म्हनतेत त्ये काय खोटं न्हाई," तो हळूच म्हणाला.

"आपरेशन होऊन बोटं न्हाई वळली तर?" अर्पितानं विचारलं. "डॉक्टर सांगत न्हाईत खात्री. मग तिनं कापूस कशानं वेचायचा? खुरपं कशानं धरायचं? त्ये कोन भरून देनार, आबा? हिरीचं पानी?"

"अर्पिता!" राजेश्री ओरडली.

*

राजेश्रीला लेकीचा राग येत होता, आणि त्याच्या खाली थोडा अभिमानही होता, आणि त्या अभिमानाचा आणखी राग येत होता. सरपंचपदासाठी ती उभी राहिली तेव्हा घरच्यांनी तिला उभं केलं होतं. निवडून आल्यावर मात्र ती स्वतः उभी राहिली होती. शाळेची भिंत बांधली, नळाची लाईन मागच्या गल्लीपर्यंत नेली. कागद घरी आणून सहीआधी जीवनच्या पुढ्यात ठेवणारी सरपंच ती नव्हती. म्हणूनच विरोधी गटाचा चंद्रभान आणि त्याचे सदस्य अविश्वास ठरावासाठी निमित्त शोधत फिरत होते. सरपंचाच्या दारातल्या कुत्र्यापायी पंचायतीनं पैसे भरले, याहून चांगलं निमित्त त्याला शोधूनही सापडलं नसतं.

"माजं सरळ हाय," ती म्हणाली. "ज्याच्या गळ्यात पट्टा, त्येला मोकाट म्हनत न्हाईत. उद्या मी तिथं खोटं सांगनार न्हाई."

"वा," जीवन म्हणाला. "म्हंजे पंचायत वाचवायची आन् घर बुडवायचं. आगं, त्ये कुत्रं घरात झोपत न्हाई, बांधलेलं न्हाई, गावभर फिरतंय. देवाचं म्हनून सोडलंय. देवाचं म्हंजे मोकाटच झालं की."

"तुमच्यासाठी नवस केलता त्येचं कुत्रं हाय त्ये. तुमीच मोकाट म्हना."

"मी काय केला का नवस? मी बेशुद्ध व्हतो!"

रायभानला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. बबिताच्या पदराआडही काही हललं. घडीभर सगळेच पुन्हा एका गावचे झाले.

हसू ओसरलं तसं जीवन पुढं वाकला. "बरं, ह्ये बी सोडू. ग्रामसेवकानं उत्तर लिहिलंय ना, त्ये काय हाय?"

राजेश्रीनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. तो कुठं निघालाय ते तिच्या ध्यानात आलं. "त्येच हाय," ती म्हणाली. "चावल्यावर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आली म्हनून. दवाखाना काय लांब न्हाई, गावातच हाय. त्याच दिवशी गेली असती तर हात बिघडला नसता."

"मग? कुत्रं कुनाचं का असंना. हात कुत्र्यानं न्हाई, हलगर्जीनं गेला."

"लेखी हाय तसं. केसपेपरवर तिचंच बोलनं हाय, येळ न्हाई भेटला."

"झालं तर मग. ना घरावर, ना पंचायतीवर."

सकाळपासून एकमेकांवर धावून जाणारी ती दोघं आता एकमेकांची वाक्यं पुरी करू लागली. वीस वर्षांचा संसार असा कुठंही कामाला येतो. अर्पितानं आईबापाकडं पाहिलं आणि तिला आज पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. कारण ते बरोबर बोलत होते. सुकेशनी मॅडमनी तिला हेच विचारलं होतं, तीन दिवस कुठं होती ही बाई? अर्पितानं बबिताला चारदा विचारलं होतं आणि बबितानं चारही वेळा तेच उत्तर दिलं होतं.

"बबिता," व्यंकटराव सौम्य आवाजात म्हणाले, "तूच सांग बाई. काहून गेली न्हाईस दवाखान्यात?"

बबितानं मान खाली घातली. ओसरीवरच्या आतल्या दारात कमलबाई चहाचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"ती जायालीच व्हती," कमलबाई म्हणाल्या. "मी जाऊ दिलं न्हाई."

"माय, तू ठेव चहा," जीवन म्हणाला.

"ठेवते. आधी आयका." त्यांनी ताट ओसरीच्या कठड्यावर ठेवलं. "मी बसवलं तिला. देवाचा भंडारा आनला आन् जखमंत भरला, ह्या बोटांनी. ती वरडत व्हती तर म्हनलं, सोस जरा. म्हनलं, देवाच्या कुत्र्याचं इष चढत न्हाई, सुई घेशील तर देव कोपंल. दुसऱ्या दिशी ती एका हातानं वेचायला आली तवाबी मी फडकं उघडून बगितलं न्हाई. देव हाय म्हनलं. हात तिच्या हलगर्जीनं न्हाई गेला, जीवन. मपल्या शहानपनानं गेला."

व्यंकटरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, जरी तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

"ही बोलली न्हाई," अर्पिता पुटपुटली. "चारदा इचारलं मी."

"ती कशी बोलंल? आमच्या वावरात वेचती, आमच्या हिरीचं पानी नेती."

राजेश्री सासूकडं पाहत राहिली. या बाईशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. नळाच्या लाईनीपासून आमटीतल्या मिठापर्यंत दोघींचं दोन दिशांना तोंड असायचं. पण आता म्हातारीचं बोलणं ऐकून तिला आपल्या गप्प बसण्याची लाज वाटली, आणि लाज वाटली की राजेश्रीच्यानं बसवत नसे.

"मग माजंबी आयका," ती म्हणाली. "कुत्र्यांच्या नसबंदीची गाडी आल्ती ना, बबिताला चावायच्या आधी, त्यांनी कवड्याला बी धरलं व्हतं. हे गुरगुरतंय, न्हेऊन बगतो म्हनले. मीच सोडायला लावलं. म्हनलं, देवाचं हाय, मामी रागवतील."

"तुला कुनी इचारलं व्हतं का आता?" जीवन कळवळला.

"न्हाई. म्हनूनच सांगितलं."

"मग घर आन् पंचायत, दोघांवर बी येतं," अर्पिता म्हणाली, आणि आपला आवाज फार वकिली झाला असं वाटून गप्प बसली.

कमलबाई दोन पायऱ्या उतरून बबिताच्या पुढ्यात बसल्या. जमिनीवर. रायभान गडबडून उठायला लागला, मालकीण खाली आणि आपण वर कसं चालेल. कमलबाईंनी दोन्ही हात जोडले.

"चुकलं बाई माजं. माफ कर."

व्यंकटरावांना एवढ्या वेळात पहिल्यांदा वाट दिसली. अशा क्षणाचं काय करायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. याच ओसरीवर त्यांनी अशाच क्षणी कितीतरी भांडणं मिटवली होती. "बग रायभान," ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं खरंच मनापासूनचं होतं. "मपल्या घरची लक्षुमी तुज्या सुनंपुढं हात जोडायली. अजून काय पायजे मानसाला? मी बोललो त्ये सगळं कायम. आपरेशन, पानी, सगळं."

रायभानचे डोळे पाण्यानं भरले. "बास मालक. बास. आता काय ऱ्हायलं न्हाई. उद्या अर्ज माघारी घेतो. उठ बबिता, पाया पड काकूच्या."

*

बबिता उठली नाही.

आज सकाळपासून तिच्या वतीनं सगळे बोलले होते. मालक, मालकाचा पोरगा, सरपंच, सासरा, आणि अर्पिताताईसुद्धा. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं, बोलणं हे त्यांचं कामच. समोर बसलेल्या म्हातारीचाही आता तिला राग येत नव्हता. आला होता तेव्हा खूप आला होता. तापात पडून तिनं कमलबाईंना नको नको ते शाप दिले होते. मग दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं आणि नाव ओठांवर येऊनही तिनं गिळलं. भीतीनं गिळलं की मायेनं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही असेल. पण त्यानंतर राग हळूहळू उतरला आणि हात तसाच राहिला.

तिनं पदरातून हात बाहेर काढला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलत होतं. बाकीची तीन वाळल्या शेंगांसारखी ताठ होती. त्या हातानं तिनं कमलबाईंचे जोडलेले हात खाली केले.

"काकू, असं नका करू. मी तुमाला दवाखान्यातच माफ केलं. त्येच्यासाठी एवढं खाली बसायचं काम न्हाई."

"देव तुजं भलं करो," व्यंकटराव म्हणाले.

"पन अर्ज मी माघारी घेनार न्हाई."

रायभाननं वळून पाहिलं. सासऱ्यासमोर सून इतकं मोठ्यानं कधी बोललेली त्याला आठवत नव्हतं. "बबिता! मी शबुद दिला मालकाला."

"मामा, तुमी मेंढरांचा शबुद द्या. मेंढरं तुमची हायत. हात मपला हाय."

"आगं, पानी..."

"पानी मालकांनी तसंबी द्यावं. आज्यापासून देतेत ना? मग मपल्या हातासाठी काहून नवं करून देतेत?" तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "आपरेशन हुईल न्हाई तर न हुईल. बोटं वळतेल न्हाई तर न वळतेल. उद्या मी वेचायला न्हाई गेले, थापायला न्हाई जमलं, तर घरात मला कोन किती दिवस पोसंल, मामा? तुमी पोसताल. सासूबाई पोसतेल. पन दर घासाला आठवन हुईल. मला कुनाच्या मेहरबानीचं नको. मपलं नुकसान झालं, त्येचं मला पायजे."

ओसरीवर माफी मिळाली की प्रकरण संपतं, हा व्यंकटरावांच्या सगळ्या आयुष्याचा अनुभव होता. माफीही मिळावी आणि प्रकरणही चालू राहावं, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आता काय म्हनावं हिला," जीवन आईकडं वळला. "माय, तू तरी सांग. तुझंच ऐकंल ती."

कमलबाई अजून खालीच बसल्या होत्या. हात जोडताना आपल्यालाही हेच हवं होतं, हे त्यांना आता कळलं. माफी मागायची, पोरीनं रडायचं, सगळ्यांनी चहा प्यायचा आणि उद्याची तारीख परवावर, मग तेरवावर, मग कधीच नाही. त्यांना स्वतःची शरम वाटली. देवाकडूनही त्या असंच करून घेत आल्या होत्या.

"माघारी नको घेऊ," त्या बबिताला म्हणाल्या.

"माय!"

"उद्या मी येते तिच्यासंगं. इथं बोलले तसंच तिथं बोलन. कुत्रं मपलं हाय आन् भंडाराबी म्या भरला."

"मामी, मीबी येनार हाय," राजेश्री म्हणाली. "गाडीचं मी सांगन. चंद्रभानला काय करायचं त्ये करू दे."

जीवननं एकदा आईकडं, एकदा बायकोकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. तिथून काही मदत येण्यासारखी नव्हती. व्यंकटराव गार होत चाललेल्या चहाकडं बघत बसले होते.

"समद्या मिळून घरावरच आनायला निघालात की," जीवन म्हणाला. "आपल्यावर येईल, माय. कळतंय का तुला? आपल्यावर येईल."

कमलबाई गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या. बबितानं डावा हात पुढं केला आणि त्यांनी तो धरला.

"येऊ दे की," त्या म्हणाल्या. "आतापोतर हिच्या एकटीवर व्हतं."